शेजारच्या खाटेचा वास

कानसेनाची जखम सुकत नव्हती, आणि ती छान सुकतेय असं त्याची बायको त्याला रोज सांगत होती. सगळा घोळ इथून सुरू झाला.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कपबश्यांच्या कारखान्यात भट्टीतून निघालेला प्रत्येक कप त्याच्या टेबलावरून जायचा. तो कप दोन बोटांत उचलून त्यावर लाकडी काडी हलकेच मारायचा. कप खणखणीत वाजला तर पुढे सरकवायचा, बद्द वाजला तर पायाजवळच्या टोपलीत टाकायचा. कपाला गेलेली केसभर चीर डोळ्यांना दिसत नाही, कानाला मात्र सापडते. आणि कानसेनाचं सगळं भांडवल कानातच होतं, कारण डोळे तिसरीत असताना एका तापात गेले ते गेलेच. मागं राहिली ती बाराखडी, थोडे रंग आणि आईचा चेहरा, तोही पुसट झालेला.

त्याच्या पुढच्या टेबलावर बायको बसायची. कपांवर फुलं काढायचं काम तिचं, म्हणून कारखान्यात तिला सगळे फुलवाली म्हणत. नवऱ्यानं पास केलेल्या कपावर ती गुलाबी पाकळ्या काढायची आणि त्याच्याशी सतत बोलत असायची. लोक म्हणायचे, हा नुसता ऐकतो आणि ही नुसती बोलते, यांच्यात भांडण होणार तरी कसं? व्हायचं. चांगलं कडाक्याचं व्हायचं. पण अबोला धरणं दोघांनाही परवडणारं नव्हतं, त्यामुळे मिटायचंही लवकर.

लग्न झाल्यापासून त्याला जग सांगायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं आणि ते ती मन लावून करायची. फक्त सांगताना जरा उजळून सांगायची. घराच्या भिंतीला ओल आली होती, ती तिच्या तोंडून फिकट पिवळी व्हायची. सदऱ्याचा रंग उडाला तरी तिच्या लेखी सदरा निळाच. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ होती, नुसते सांडपाण्याचे पाइप. तिथं तिनं एक झाड लावून टाकलं होतं. "हे झाड वाजत कसं नाही गं?" असं कानसेनानं एकदा विचारलं, तेव्हा ती जराही न अडखळता म्हणाली, "जाड पानांचं आहे." त्या झाडाला ती वेळच्या वेळी पालवी फोडायची. याला खोटं बोलणं म्हणायचं का? म्हणा हवं तर. पण ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी काहीच बघता येत नाही त्याला ओल आलेली भिंत दाखवून कुणाचं भलं होणार, असं तिचं म्हणणं, आणि ते खोडून काढायला कुणी आलं नव्हतं.

मग एके दिवशी कपांनी भरलेली लोखंडी मांडणी कलंडली आणि कानसेनाच्या मांडीवर आली. हाड मोडलं. इस्पितळात हाडांच्या डॉक्टरनं आत सळई बसवली, टाके घातले आणि म्हणाला, "हाड मस्त बसलंय." हाड मस्तच बसलं होतं, वरची जखम मात्र मिटेना. टाक्यांच्या कडा आधी लाल झाल्या, मग फुगल्या, मग मधले टाके आपोआप सुटले आणि आतून पिवळट हिरवं यायला लागलं. डॉक्टरनं जखम उघडली, धुतली, पुन्हा बांधली. एक औषध झालं, ते बदलून दुसरं झालं, मग तिसरं. जंतू ढिम्म. ऑपरेशनच्या जखमांत घर करणारे असे काही मुरलेले जंतू असतात. त्यांनी इतकी औषधं पचवलेली असतात, की नव्या औषधाला ते मोजतच नाहीत. कानसेनाच्या मांडीत तसले होते.

हे सगळं डॉक्टर सांगायचा ते फुलवालीला. आंधळ्या माणसाशी बोलायचं म्हणजे त्याच्या बायकोशी बोलायचं, अशी जगाची रीतच आहे. "यांना चहात साखर चालते का?" असं कानसेनासमोर तिला विचारणारे लोक दोघांनाही सवयीचे झाले होते. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण तोही त्यांतलाच. खाटेशी येऊन कानसेनाच्या खांद्यावर थोपटायचा, "काय, कसं काय?" म्हणायचा आणि खरं बोलायला तिला बाहेर न्यायचा. नवऱ्याचे कान तिला ठाऊक होते, म्हणून ती डॉक्टरला व्हरांड्याच्या पार टोकाला, जिन्यापर्यंत ओढून न्यायची. तिथून परत येताना बातमी तिच्याजवळ असायची आणि ती कशी सांगायची तेही तिच्याच हातात असायचं.

"काय म्हणाले?" कानसेन विचारायचा.

"सुकतेय म्हणाले. जरा दमानं, पण सुकतेय."

"तुला कशी दिसते?"

"कडा जुळत आल्यात. गुलाबी झाल्यात."

"मग पट्टी बदलताना जीव का जातो माझा?"

"भरून येताना दुखतंच."

पट्टी बदलणाऱ्या सिस्टरच्या कानावर हे पडायचं. तिनं एकदा मान वर करून फुलवालीकडे पाहिलंही. पण तिच्यामागं अख्खा वॉर्ड लागलेला, नवराबायकोच्या बोलण्यात पडायला तिला सवड नव्हती. तिनं ट्रॉली पुढच्या खाटेकडे ढकलली.

डोळ्यांची अडचण नव्हती, पण नाकाचं काय करायचं? एका सकाळी कानसेनानं मान इकडेतिकडे फिरवली आणि विचारलं, "वास कसला येतोय गं? काहीतरी कुजल्यासारखा."

फुलवालीला विचार करावाच लागला नाही. "हळू बोला," ती म्हणाली. "शेजारच्या खाटेवरून येतोय. गुडघा सडलाय बिचाऱ्यांचा."

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे बसड्रायव्हर होते. सगळा वॉर्ड त्यांना ड्रायव्हरमामा म्हणायचा. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तो ठणठणीत सुधारत होता. रोज काठी टेकत ते वॉर्डात चकरा मारायचे आणि वाटेत येईल त्याला डावीकडून जायला सांगायचे. पण कानसेनाला त्या दिवसापासून त्यांचा फार कळवळा यायला लागला.

"मामा, फार ठणकतंय का हो?"

"छे, आता कुठं. काही नाही."

"धीर बघ माणसाचा," कानसेन बायकोला कौतुकानं म्हणायचा. "एवढं सडलंय, पण तोंडातून हूं नाही."

हे चाललं असतं आणखी. पण एकदा कानसेन मामांना मनापासून म्हणाला, "मामा, उद्या पाय कापायला सांगितला तरी खचून जाऊ नका." मामा पांढरेफटक पडले. त्यांनी सिस्टरला बोलावून माझ्यापासून काही लपवताय का, असं खडसावून विचारलं. मग फुलवालीला त्यांना जिन्याशी नेऊन, हात जोडून सगळं सांगणं भाग पडलं. मामांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे वास त्याचा आणि नाव माझं."

"हो."

"असू दे. उभ्या जन्मात लोकांनी माझ्या नावावर काय काय खपवलं, त्यात आणखी एक गुडघा. पण पोरी, हे फार काळ झाकून राहणार नाही. सांगून टाक त्याला."

"सांगते," ती म्हणाली. आणि सांगणारही होती, पण जखम थोडी बरी दिसली की. वाईट बातमी चांगल्या दिवशी सांगावी, एवढाच तिचा हिशेब होता. तो चांगला दिवस काही येत नव्हता.

त्याच सुमारास डॉक्टरनं तिला खालच्या मजल्यावर लॅबमध्ये पाठवलं. तिथल्या मॅडम पुवाची तपासणी करायच्या. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी प्लास्टिकचा एक चपटा ट्रे उजेडासमोर धरला. त्यात नखाएवढे खळगे होते, ओळीनं मांडलेले.

"या प्रत्येकात तुमच्या मिस्टरांच्या जखमेतले जंतू सोडलेत," मॅडम म्हणाल्या. "गढूळ दिसतंय तिथं ते वाढलेत. पाणी नितळ आहे तिथं वाढू शकलेले नाहीत. ही ओळ पहिल्या औषधाची, एकट्याची. बघा, सगळी गढूळ. ही दुसऱ्याची, एकट्याची. हीपण तशीच. आता मधे बघा."

मधले खळगे स्वच्छ होते. फुलवालीनं ट्रे हातात घेऊन तिरपा केला, सरळ केला, पुन्हा तिरपा केला. रंगाचं काम करणारीचा डोळा तिचा, पण त्या पाण्यात तिला जराही डाग सापडला नाही.

"इथं दोन्ही औषधं आहेत, थोडी थोडी पण एकत्र," मॅडमनी सांगितलं. "पहिलं जंतूच्या भिंतीला खिंडार पाडतं. दुसरं त्या खिंडारातून आत शिरतं आणि त्याचं सगळं कामकाज बंद पाडतं. एकेकटी गेली तर दोन्ही दारावरून परत येतात."

"मग द्या ना, मॅडम."

"ट्रेमधलं वेगळं आणि माणसातलं वेगळं, हे आधी सांगते. पण दुसरा रस्ता मला दिसत नाही. आणि यातलं दुसरं औषध मूत्रपिंडांना त्रास देतं, कधी कानालाही. कान गेले तर परत येत नाहीत. आत्ता त्यांची मूत्रपिंडं धड आहेत. आत्ताच सुरू केलं, रक्तात किती साठतंय त्यावर लक्ष ठेवलं, तर थोडक्यात भागेल आणि कान बहुधा राहतील. उशीर केलात, विष रक्तात गेलं, मूत्रपिंडं मंदावली, की हेच औषध अंगात तुंबायला लागतं. मग कानांचं काही खरं नाही. काय करतात मिस्टर?"

"कप ऐकतात," फुलवाली म्हणाली.

मग ते समजावून सांगावं लागलं. डोळ्यांचंही सांगावं लागलं. मॅडमनी चष्मा काढला आणि ट्रे जपून खाली ठेवला. "तर मग आजच त्यांना विचारा," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारा हं. त्यांच्या वतीनं तुम्ही ठरवू नका."

विचारलं तिनं. पण कसं विचारलं, ते ऐका.

"डॉक्टर म्हणतात, दोन औषधं एकत्र देऊ, म्हणजे लवकर आटपेल. पण त्यातल्या एकानं कानाला धक्का बसू शकतो म्हणे."

कानसेन कोपरावर उठला. "कानाला?"

"एखाद्या वेळेस."

"आणि नाही घेतलं तर?"

बोलायचं होतं ते इथं. मांडीत बोट जाईल एवढं भोक पडलंय, कडा करड्या झाल्यात आणि हिरवं थांबत नाही, हे अगदी तिच्या जिभेवर आलं होतं. पण एक खरं बोलायचं तर आजवरचं सगळं गुलाबी मागं घ्यावं लागलं असतं, आणि मग हा माणूस तिच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवणार होता? "नाही घेतलं तर," ती म्हणाली, "वेळ लागेल जरा."

"लागू दे की. सुकतेय ना?"

"सुकतेय."

"मग डोकं फिरलंय का यांचं? सुकणाऱ्या जखमेसाठी कान पणाला लावायचे? पाय लंगडा राहिला तर राहू दे. कान गेले तर मी उरलो कशाला? तू बोललेलं मला कळणार कसं?"

डॉक्टरनं त्या दिवशी नेमकं खाटेशी उभं राहूनच विचारलं, "काय ठरलं?" आणि कानसेन ठामपणे म्हणाला, "नको, डॉक्टर. हिनं मला सगळं सांगितलंय." डॉक्टरनं फुलवालीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. नवऱ्याच्या हट्टापुढं बायको हतबल झालीय असं डॉक्टरला वाटलं, आणि त्यानं नाइलाजानं जुनंच औषध वाढवून दिलं.

यानंतर ती रोज पट्टी सुटायची वाट बघायची. खोटं बोलणाऱ्या माणसाची ही एक खोडच असते. आपण बोललोय म्हणजे एक ना एक दिवस ते तसं होईल, असं त्याला वाटत राहतं. कपावर तिनं पाकळी काढली की ती तिथं असायचीच. जखमेवर तसं होत नव्हतं. कानसेनाला संध्याकाळचा ताप भरायला लागला. लघवीच्या पिशवीत कमी जमायला लागलं, आणि जमायचं तेही गडद. डॉक्टर जिन्याशी तिच्यावर चिडला, "समजावा त्यांना, बाई." ती हो म्हणाली.

ड्रायव्हरमामांना घरी सोडलं तेव्हा ते सगळ्या वॉर्डाचा निरोप घेऊन गेले. कानसेनाचा हात त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरला. त्यांची काठी आणि चपला व्हरांड्यातून जिन्याकडे गेल्या, जिना उतरल्या. आयांनी खाट फिनेलनं धुतली, नवी चादर घातली. दुपार झाली तरी खाट रिकामीच होती.

कानसेन पडल्या पडल्या हवा हुंगत होता.

"मामा घरी गेले?"

"घरी गेले."

"खाट धुतली?"

"धुतली. फिनेलनं."

"मामांचं पाऊल पुरं पडत होतं," कानसेन म्हणाला. "दोन्ही पायांचं. वॉर्डात चकरा मारतानाही, पण मी तुझं खरं धरलं. आज जिन्यावरसुद्धा. सडलेल्या गुडघ्यानं माणूस असा जिना उतरत नाही."

त्यानं चादर बाजूला केली आणि मांडीवर हात नेला. बँडेज ओलं होतं. ती त्याचं मनगट धरेपर्यंत त्यानं कडेनं बोट आत सारलं, बाहेर काढलं आणि नाकाशी धरलं. सिस्टर धावत आली, त्याच्यावर ओरडली, हात धुतला, पट्टी नवी बांधली. सिस्टर गेल्यावर तो म्हणाला, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"कडा जुळत आल्या होत्या त्या?"

"जुळल्याच नाहीत कधी."

मग तिनं सगळं सांगितलं. भोक, हिरवं, करड्या कडा, लॅबचा ट्रे, मूत्रपिंडं, उशीर केला तर काय होईल ते. सांगता सांगता रडू आलं. आपल्याला रडायचा हक्क नाही असं तिला वाटत होतं, म्हणून ती आवाज न करता रडत होती. पण कानसेनापुढं ते जमणारं नव्हतं, त्याला ऐकू येतच होतं.

"डॉक्टरला बोलव," तो म्हणाला. "आणि त्याला सांग, माझ्याशी बोल म्हणावं."

डॉक्टर आला, स्टूल ओढून बसला आणि सवयीनं तिच्याकडे वळून म्हणाला, "त्यांना सांगा की..."

"मी इथं आहे, डॉक्टर."

डॉक्टर ओशाळला. मग मात्र नीट बोलला. कानसेनानं विचारलं, पाय कापून भागेल का? नाही भागणार, डॉक्टर म्हणाला, सडणं खुब्यापर्यंत चढलंय, कापायला निरोगी जागाच उरली नाही. ती जोडीची औषधं दिली तर? तर जगण्याची चांगली आशा आहे.

"आणि कान?"

"मूत्रपिंडं थकलीत तुमची. औषध अंतर ठेवून देऊ, रोज रक्त तपासू. पण खोटी आशा देत नाही. कान जातील असंच धरून चाला."

"तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा घेतलं असतं तर?"

डॉक्टर फुलवालीकडे बघायला लागला. शेवटी डॉक्टर म्हणाला, "बहुधा राहिले असते."

"सुरू करा," कानसेन म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

सलाइनच्या स्टँडवर दोन पिशव्या लटकल्या. सिस्टर लोक त्यांना जोडी म्हणायच्या, "जोडी संपत आली गं", "जोडी लावली का?" असं चालायचं. लॅबच्या मॅडम एकदोनदा स्वतः वर येऊन जखम बघून गेल्या. ट्रेमध्ये झालं तेच मांडीत झालं. ताप उतरला. हिरवं कमी झालं, मग थांबलं. करड्या कडा आधी लालसर झाल्या आणि मग खरोखर गुलाबी झाल्या. फुलवालीनं ते पाहिलं आणि तिला हर्ष व्हायच्या ऐवजी शरम वाटली. तिनं नवऱ्याला सांगितलं. तो नुसता "हं" म्हणाला.

कानातून आधी बारीक आवाज गेले. थर्मामीटर पीप करायचा, कानसेनाची मान वळायची. ती वळेनाशी झाली. मग चहातला चमचा गेला. मग सिस्टरच्या चपला. एका सकाळी त्यानं चहाच्या रिकाम्या कपावर नखानं टिचकी मारली, पुन्हा मारली, कप कानाजवळ नेऊन मारली.

"फुटका आहे का गं हा?"

"नाही, धड आहे."

त्यानं कप तिच्या हातात दिला. एवढ्या वर्षांत हे कुणी त्याला सांगायची वेळ आली नव्हती.

त्याच दिवशी तो म्हणाला, "थोडं ऐकू येतंय तोवर सगळं एकदा खरं सांगून टाक. घरापासून."

तिला त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळे ते अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. भिंतीला ओल आहे. सदरा निळा नाही, पार विटलाय. गुलाब बरे येतात, पण घाईत पाकळ्या कमी काढते. केस पिकलेत.

"ते बोटांना कळतं," कानसेन म्हणाला. "झाड?"

"झाड नाही. पाइप आहेत."

"ते मला ठाऊक होतं. पानं जाड असली तरी पक्षी बसतात की झाडावर."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू लावलेलं होतंस. मी कशाला तोडू?" तो थोडा हसला. मग हसू गेलं. "झाड माझ्यासाठी लावलंस. जखम कुणासाठी सुकवलीस?"

तुमच्यासाठी, असं म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं ती स्वतःलाही तेच सांगत आली होती. ती त्याच्या कानाशी वाकली.

"माझ्यासाठी. मला बघवत नव्हती. तुम्हाला गुलाबी सांगितलं की घटकाभर मलाही गुलाबी दिसायची."

"काय?"

त्याला ऐकू गेलं नव्हतं. तिला ते सगळं पुन्हा, आणखी मोठ्यानं म्हणावं लागलं. पलीकडच्या खाटेवरच्या माणसानं तोंड दुसरीकडे फिरवलं. कानसेनानं मान डोलावली, "बरं" म्हणाला आणि पुढं काही विचारलं नाही. ते तिनं बोललेलं, त्यानं धड ऐकलेलं शेवटचंच म्हणायचं. पुढच्या दोन-तीन दिवसांत उरलेलंही गेलं.

मग बोलणं तळहातावर आलं. तिसरीतल्या पोराची अक्षरं त्याच्याजवळ शिल्लक होती, तीच कामी आली. ती त्याच्या तळव्यावर बोटानं एकेक अक्षर काढायची आणि तो ते मोठ्यानं वाचायचा. आपला आवाज केवढा येतोय ते त्याला कळत नव्हतं, त्यामुळे "चहा" आणि "लघवी" साऱ्या वॉर्डाला समजायचं. "ऊन पडलंय" असं तिनं लिहिलं की तो खिडकीकडे हात पसरून ऊब लागते का ते बघायचा. पूर्वी तो असं कधी बघत नसे. ती ते बघायची आणि दुसरं काहीतरी लिहायची.

शेवटी जोडी बंद झाली. जखमेवर कोरडी, घट्ट कातडी धरली. डॉक्टरनं दाबून पाहिलं, वाकून पाहिलं आणि त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच मनमोकळं हसू आलं. "सांगा त्यांना," तो फुलवालीला म्हणाला. तिनं कानसेनाचा उजवा हात हातात घेतला, तळवा उघडला आणि सावकाश, एकही काना-मात्रा न चुकवता लिहिलं.

"जखम सुकली," कानसेनानं मोठ्यानं वाचलं.

त्यानं हात तिच्या हातातून हळूच सोडवून घेतला आणि समोर हवेत उघडा धरला.

"डॉक्टर, तुम्ही लिहा."

डॉक्टर खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. फुलवालीनं कानसेनाचं मनगट धरलं आणि त्याचा तळहात डॉक्टरच्या बाजूला वळवून दिला. डॉक्टरला असं लिहायची सवय नव्हती. एक अक्षर चुकलं, ते त्यानं पुसल्यासारखं केलं आणि पुन्हा काढलं. कानसेनानं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि मग त्याचा चेहरा उजळला. तो डॉक्टरच्या दिशेनं हसला. मनगट धरलेला हात कुणाचा आहे ते त्याला ठाऊक होतं, पण तिकडे त्यानं मान वळवली नाही.